हेमलता शेलार, ड्युटीवर

दारावरचा हिरवा दिवा पुन्हा लागला तेव्हा जालिंदर शेलार चहाच्या आधणात साखर टाकत होता. नुकतं फटफटलं होतं. खिडकीतून अंगणातल्या पाण्याच्या टाकीवर हिरवट उजेड पडलेला दिसला. आधी त्याला वाटलं, पलीकडच्या धरणाच्या भिंतीवरचा सिग्नल असेल. मग लक्षात आलं, उजेड आपल्याच दाराचा आहे.

तो बाहेर येऊन दिव्याखाली उभा राहिला. आत चहा उतू गेला, करपल्याचा वास आला, तरी तो हलला नाही.

हा दिवा आरोग्य खात्यानं बसवलेला. जलाशयाच्या काठाकाठानं विखुरलेल्या वाड्यांमध्ये जिथं नर्सचं घर असेल तिथं दारावर असा एक दिवा असायचा. सिस्टर ड्युटीवर असल्या की हिरवा, नसल्या की बंद. पाण्याच्या पलीकडून दिसावा इतका ठळक. हेमलता होती तोवर हा दिवा बंद असलेला आंबेशेत वाडीतल्या लोकांनी फारसा बघितला नव्हता. ती म्हणायची, "बंद केला की लोक जास्त येतात. काय झालं सिस्टर, बरं नाही का, असं विचारायला."

मागच्या पावसाळ्यात ती गेली. वाडीवाडीत फिरून लोकांना लेप्टोच्या गोळ्या वाटणारी बाई लेप्टोनंच गेली. तेराव्याच्या आत दिवा आपोआप विझला. कुणी हात लावला नव्हता. गावानं तो विझलेला बघितला आणि सवयही करून घेतली. नवीन नर्स, अर्चना वाघमोडे, पाण्याच्या दुसऱ्या अंगाला वाळण्यात राहायची. लोक तिकडे जायला लागले.

जालिंदर आत आला. कपाटाच्या वरच्या खणात हेमलताचा कामाचा हँडसेट होता. खात्यानं तो परत मागितला नव्हता आणि यानं दिला नव्हता. दर रविवारी तो चार्ज करून ठेवायचा. कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. हँडसेटच्या पडद्यावर अक्षरं होती: हेमलता शेलार. ड्युटीवर. कॉल: आपोआप स्वीकार.

ते शेवटचं तिनंच करून घेतलेलं. इथं डोंगरांमुळे रेंज येते-जाते. कॉल आला, रेंज नसली, हो म्हणायला उशीर झाला की तो लांबच्या दवाखान्याला जायचा आणि पेशंटचा दिवस वाया जायचा. म्हणून तिनं तालुक्याला जाऊन सांगितलं होतं, "मला विचारूच नका. मी हो म्हणणारच आहे. तुम्हीच लावून टाका." तेव्हापासून तिच्या वतीनं यंत्रच हो म्हणायचं आणि ती हँडसेटवर बघून निघायची. निघायची म्हणजे जालिंदरच्या लाँचनं. तो आरोग्य खात्याच्या लाँचचा चालक. वीस वर्षं नवरा-बायको एकाच लाँचवर कामाला होते. लोक चेष्टा करायचे, "शेलार घरात बोलत नसतील, सगळं पाण्यात बोलून संपतं."

त्या सकाळी तो धक्क्यावर गेला आणि किल्ली फिरवली. सुरू होण्याआधी लाँच नेहमी एक प्रश्न विचारायची. बोट उलटून माणसं गेल्यावर आलेला नियम होता तो.

"किती जण?"

"दोन," जालिंदर म्हणाला.

वर्षभर तो दोनच म्हणत आला होता. पहिल्या दिवशी सवयीनं तोंडातून गेलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याला एक म्हणवेना. लाँचला त्याचं काही नव्हतं. कमी सांगितले तर ती वजनावरून पकडायची, जास्त सांगितले तर पाचपर्यंत कितीही चालायचे. पडद्यावर फक्त एक पिवळी ओळ यायची: दुसऱ्या व्यक्तीची ओळख नाही.

आज पिवळी ओळ आली नाही. पडद्यावर दोन नावं आली. चालक, जालिंदर शेलार. सिस्टर, हेमलता शेलार.

त्यानं बाहीनं पडदा पुसला. मग लाँच सुरू केली. त्या दिवशी त्यानं ती रोजच्यापेक्षा हळू चालवली.

दोन दिवसांनी तालुक्याहून फरीदा मुलाणी आली. चाळिशीची बाई, जिल्ह्याच्या डिरेक्टरीचं तालुक्यातलं काम तिच्याकडे. ती धक्क्यावरच भेटली. चपला काढून पायरीवर बसली, जालिंदरनं दिलेलं पाणी प्यायली आणि म्हणाली, "शेलारकाका, दिवा लागलाय ना?"

"लागलाय."

"मला फोन का नाही केलात?"

जालिंदरनं दोर उगाच पुन्हा गुंडाळायला घेतला.

डिरेक्टरी काय असते हे त्याला कामापुरतं माहीत होतं. गेल्या दहा-बारा वर्षांत जिल्ह्यातलं सगळं तिच्यात आलं होतं. माणसं, घरं, पंप, लाँचा, दवाखान्यातल्या खाटा, औषधांची कपाटं. डिरेक्टरीत वस्तू नसते, वस्तूची ओळख असते. नाव काय, आहे कुठं, कुणाच्या हाताखाली, आणि तिला काय काय करायची मुभा आहे. रचना झाडासारखी. जिल्ह्याच्या बुंध्याला तालुक्यांच्या फांद्या, फांदीला गाव, गावाला घर, घराला माणूस. औषधाचं कपाट उघडायला कुणी हात लावला की कपाट डिरेक्टरीला विचारतं, ही बाई कोण, हिला उघडू देऊ का? पापणी लवायच्या आत उत्तर येतं. कुणी मदतीचं बटण दाबलं की तिलाच विचारलं जातं, जवळची ड्युटीवरची नर्स कोण? त्यात लिहायचं काम क्वचित निघतं, विचारणं मात्र दिवसभर चालू. म्हणून एका प्रतीवर भागत नाही. जागोजागी पेट्यांमध्ये तिच्या प्रती ठेवलेल्या असतात आणि त्या आपसात बोलत राहतात. एकीला नवीन काही कळलं की ती दुसरीला सांगते.

"आता कुणी वारलं," फरीदा म्हणाली, "आणि मी त्यांचं नाव इथल्या प्रतीतून नुसतं पुसलं, तर काय होईल? शेजारच्या प्रतीत ते आहे. तिला वाटेल, हिच्यापर्यंत अजून पोचलं नाही. ती परत देईल. नसणं ही बातमीच होत नाही, काका. म्हणून पुसताना तिथं खूण ठेवावी लागते. इथं हे नाव होतं, ते गेलं, कुणी परत देऊ नका. आम्ही त्या खुणेला दगड म्हणतो. कबरीवर असतो ना, तसा."

"मग हिचा दगड होता की."

"होता. पण दगडाला मुदत असते. सहा महिने. तेवढ्यात सगळ्या प्रतींना कळलेलं असतं, मग दगडही काढतात. नाहीतर डिरेक्टरीत माणसांपेक्षा दगड जास्त होतील."

कारीच्या माळावरची पेटी मागच्या पावसाळ्यात तुटली होती. दरड आली आणि तिची वायर गेली. वायर जंगलातून नेलेली, दुरुस्तीची परवानगी या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिली. पेटी सौरऊर्जेवर एकटीच चालू होती, वरच्या धनगरवाड्यांपुरती; मदतीचं बटण तेवढं वर्षभर बंद पडलं होतं. हेमलता गेली ती त्यानंतर आठवड्यानं.

"तिला कळलंच नाही," फरीदा म्हणाली. "परवा आम्ही वायर जोडली. तिनं इकडं बघितलं. सिस्टरांचं नाव नाही, आणि दगडही नाही. तिला वाटलं, इकडच्यांना माहीत नाही. मग तिनं सांगितलं."

"काय सांगितलं?"

"की सिस्टर आहेत."

जालिंदर पाण्याकडे बघत राहिला.

"एवढा काळ तुटलेली पेटी पुन्हा जोडायची नसते," फरीदा म्हणाली. "ती कोरी करून नव्यानं भरायची, असा नियम. मला माहीत होता. पण वर्षभरात माळावर जी पोरं जन्मली त्यांची नावं फक्त त्या पेटीत होती. लसी, वजनं, रेशन, सगळं. कोरी केली असती तर ती पोरं डिरेक्टरीच्या लेखी जन्मलीच नसती. म्हणून मी जोडली. म्हटलं, पोरांना काढून घेऊ आणि मग करू कोरी. पोरांबरोबर गेलेलेही सगळे आले." ती जरा हसली. "कुसवड्याच्या एका म्हातारीला सांगितलं, तुमच्या मालकांचं नाव परत आलंय. तर म्हणते, आलाच आहे तर त्याला म्हणावं, लाकडं फोडून जा."

जालिंदरही हसला. बऱ्याच दिवसांनी.

मग फरीदानं पिशवीतून टॅब काढला. कुणाचंही नाव काढायला जवळच्या नातेवाइकाचा अंगठा लागायचा. जमिनी लाटण्यासाठी जिवंत माणसांना डिरेक्टरीत मारून टाकायचे प्रकार झाले, तेव्हापासूनचा हा नियम. पहिल्या वेळी अंगठा ऋतुजानं, त्यांच्या मुलीनं दिला होता. जालिंदर तेव्हा काही देण्याघेण्याच्या अवस्थेत नव्हता.

"थोडे दिवस राहू दे," तो म्हणाला.

"काका, हे नुसतं नाव नाही. त्याला काम जोडलेलं आहे. माळावरून कुणी बटण दाबलं तर तुमचं घर सगळ्यात जवळचं. कॉल सिस्टरांना जाणार आणि त्यांचं आपोआप हो लागलंय."

"ड्युटी बंद कर मग. नाव राहू दे."

"आरोग्य खात्याला लिहिलं मी. त्यांच्या कागदावर सिस्टर मयत आहेत. ते म्हणतात, मयत कर्मचाऱ्याची ड्युटी बदलता येत नाही."

मग जालिंदर म्हणाला, "हँडसेट माझ्याकडे आहे. लाँच माझ्याकडे आहे. कॉल आला की मी वाळण्याला जाऊन अर्चनाला उचलतो आणि पोचवतो. पोरी, मी काही पेशंट वाऱ्यावर सोडणार आहे का?"

फरीदानं त्याच्याकडे बघितलं. तिला नाही म्हणायला हवं होतं. पण हेमलतानं तिच्या आईच्या पायाच्या जखमेचं ड्रेसिंग महिनाभर घरी येऊन केलं होतं. तिनं टॅब पिशवीत ठेवला. "पुढच्या सोमवारी येते. तेव्हा द्यायचा."

पहिला कॉल आला तो कुसवड्याहून. एका माणसाच्या पायात खिळा गेला होता. हँडसेट वाजला तेव्हा जालिंदर भाकरी खात होता. हात तसाच पुसून तो उठला. वर्षभर त्या आवाजासाठीच तो कपाटाजवळ झोपत होता, हे त्याचं त्याला तेव्हा कळलं. त्यानं वाळण्याहून अर्चनाला घेतलं, पोचवलं. काम झालं. परतताना पडद्यावर आलं: हेमलता शेलार, काम पूर्ण. जालिंदरनं ते दोनदा वाचलं.

अर्चनानंही वाचलं. ती लाँचच्या टोकाला पाय सोडून बसली होती. "काका, बँडेज मी बांधलं," ती म्हणाली.

"माहीत आहे गं."

"नाही, राग नाही. हेमाताईंनीच शिकवलंय मला. पण मला माझ्या नावानं बोलावलं तर मी तुमच्या आधी निघेन. आता तुम्ही इकडे येणार, मग मी निघणार." तिनं पाय वर घेतले. "खिळा होता म्हणून ठीक."

संध्याकाळी ऋतुजाचा नागपूरहून फोन आला.

"बाबा, माझ्या फोनवर आईच्या नावापुढं हिरवं आलंय."

"हो. ती पेटी जोडली ना, त्याच्यामुळं."

"फरीदाताईंनी सांगितलं मला. त्यांनी हेही सांगितलं की तुम्ही अंगठा देत नाही."

"देणार आहे. सोमवारी."

"मी ऑफिसात होते. मीटिंगमध्ये. फोन उघडला आणि आई ड्युटीवर. मी उठून बाहेर आले, बाबा. फोन लावणार होते तिला." तिचा आवाज बारीक झाला. "तुम्हाला तिथं ती आल्यासारखी वाटते. मला इथं ती पुन्हा गेल्यासारखी वाटते."

"तूच देऊन टाक मग अंगठा."

"एकदा दिलाय मी. तुम्ही भिंतीकडं तोंड करून झोपला होता तेव्हा. पुन्हा देणार नाही. या वेळी तुम्ही द्या."

तिनं फोन ठेवला. जालिंदर ओट्यावर बसून राहिला. डोक्यावर दिवा होता. त्याच्या उजेडात अंगण, टाकी, तिनं लावलेली गवती चहाची कुंडी, सगळं पूर्वीसारखं दिसत होतं.

सोमवार यायच्या आधी शनिवार आला.

जलाशयाचा एक फाटा दोन डोंगरांच्या मधून आत गेलेला आहे. तिथं रेंज अजिबात नाही. त्या शनिवारी सकाळी कोळ्यांची एक नाव तिथं गाळात रुतली म्हणून जालिंदरला बोलावणं आलं. दोर लावून ती ओढून काढायला त्याला दुपार झाली. हँडसेट खिशात होता आणि खिशात तो गप्प होता. फाट्यातून लाँच बाहेर आली तसा तो वाजायला लागला आणि थांबेचना.

कॉल कारीच्या माळावरून होता. सगुणा बरगे, बाळंतपण. वेळ सकाळची. खाली ओळ होती: हेमलता शेलार यांनी स्वीकारला. त्याखाली: निघाल्या आहेत. मग पुन्हा कॉल. पुन्हा स्वीकारला, निघाल्या आहेत. तिसऱ्यांदा तेच. हो म्हणायला हँडसेटला रेंज असण्याची गरज नव्हती, जालिंदरची तर नव्हतीच. डिरेक्टरीच तिच्या वतीनं हो म्हणत होती, तिनंच लावून घेतल्याप्रमाणं.

तो वाळण्याला गेला. अर्चना त्याच्या तोंडाकडे बघून काही न विचारता औषधांची पेटी घेऊन चढली. जाताना वाटेत एकदाच म्हणाली, "मी सकाळपासून घरीच होते, काका."

माळाच्या धक्क्यावर घोंगडीवर सगुणा झोपली होती. मूल झालं होतं. सासूच्या, बनाबाईच्या, हातात गुंडाळलेलं, रडत होतं. पण सगुणाचं रक्त थांबत नव्हतं. तिचा नवरा नवनाथ तिच्या डोक्याशी बसून वारा घालत होता. अर्चना घोंगडीपाशी बसली, इंजेक्शन दिलं, पोट दाबून धरलं आणि मान न वळवता म्हणाली, "दवाखाना. आत्ता."

"तीनदा इचारलं," बनाबाई जालिंदरला म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "तीनदा म्हनलं, शिष्टर निघाल्यात. नाव जुनं हाय ते कळत हुतं आमास्नी. वाटलं, चुकून नाव जुनं आलंय, येनारी नवी येईल. निघालीय म्हंत्यात तर वाटंत चुकामूक नको. न्हाईतर डोलीत घालून कवाच खाली दवाखान्यात घेऊन गेलो असतो."

सगुणाला लाँचमध्ये घेतलं. अर्चना तिच्याजवळ, नवनाथ पायाशी, बनाबाई मुलाला घेऊन मागं. जालिंदरनं किल्ली फिरवली.

"किती जण?"

"पाच." कडेवरचं मूल मोजायचं नसतं.

"हेमलता शेलार धरून सहा. पाचांच्या वर जाता येणार नाही. एक जण उतरा."

जालिंदरला क्षणभर समजलंच नाही. मग त्यानं पुन्हा किल्ली फिरवली. लाँचनं पुन्हा विचारलं.

"पाच," तो म्हणाला. "ती नाहीये."

"हेमलता शेलार यांनी हा कॉल स्वीकारला आहे. ड्युटीवरच्या सिस्टरना उतरवता येत नाही. एक जण उतरा."

"अगं, ती नाहीये." हे वाक्य त्यानं वर्षभरात कुणापुढं उच्चारलं नव्हतं. मुलीपुढं नाही, भावापुढं नाही. आता तो एका यंत्राला ते सांगत होता आणि यंत्र ऐकत नव्हतं. "गेली ती. नाहीये."

"एक जण उतरा."

बनाबाईनं मूल नवनाथच्या हातात दिलं. लुगड्याचा काठ उचलून धरला आणि गुडघाभर पाण्यात उतरली.

"जावा," ती म्हणाली. "बसूं द्या तुमच्या शिष्टरला."

लाँच सुरू झाली. जालिंदरनं एकदा मागं बघितलं. म्हातारी पाण्यातच उभी होती. सुनेचं काय होतंय हे तिला आता कुणी येऊन सांगेपर्यंत कळणार नव्हतं. लाँचमध्ये, नवनाथच्या शेजारी, एका माणसाची जागा मोकळी होती. नवनाथनं त्या जागेवर मूल ठेवलं नाही. मांडीवरच धरून बसला.

सगुणा वाचली. धरणाच्या पायथ्याच्या दवाखान्यात रक्त मिळालं, डॉक्टर होते. पण गर्भाशय काढावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, दोन तास आधी आली असती तर काढायची वेळ आली नसती. सगुणाचं वय तेवीस. नवनाथनं ते ऐकून मान हलवली आणि मुलाला दूध कधी द्यायचं ते विचारलं.

जालिंदर त्याच संध्याकाळी माळावर गेला. उजेड होता अजून. बनाबाई धक्क्यावरच बसलेली होती. त्यानं लाँच बांधली, तिच्यासमोर येऊन उभा राहिला, म्हणाला, "वाचली. पोरगंही बरं आहे." आणि मग गर्भाशयाचंही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं.

"ती जागा मोकळी होती, आजी," जालिंदर म्हणाला. "हेमा नव्हती तिथं."

"मला ठावं हाय," बनाबाई म्हणाली. "मागल्या सालीच ठावं झालंय. माळाला बी दुखवटा पाळला आमी तिचा. तुझ्याच लाँचीला ठावं न्हवतं."

रविवारी सकाळी त्यानं फरीदाला फोन करून बोलावून घेतलं. सोमवारपर्यंत थांबला नाही.

ती आली तेव्हा तो ओट्यावर बसला होता. शेजारी हँडसेट, त्याचा चार्जर आणि लाँचमधलं हेमलताचं रेनकोटाचं पाकीट, खात्याला परत द्यायच्या वस्तू. फरीदाला शनिवारचं सगळं कळलं होतं. तिनं रात्रीच वर कळवून टाकलं होतं की पेटी आपण नियम मोडून जोडली. तिचं पुढं काय होणार ते तिला माहीत नव्हतं. ती त्याबद्दल बोलली नाही, आणि जालिंदरनं विचारलं तेव्हा म्हणाली, "पोरांची नावं सगळी निघाली, काका. पेटी उद्या कोरी करतोय. नवनाथचा मुलगा पण टाकला मी. अजून नाव ठेवलं नाही म्हणाले, म्हणून नुसतं सगुणाचा मुलगा."

तिनं टॅब पुढं केला. त्यावर हेमलताची पूर्ण नोंद होती. नाव, गाव, घर. काय काय उघडायची मुभा: औषधाचं कपाट, लसीची पेटी, लाँच. कॉल: आपोआप स्वीकार. जालिंदर ते सावकाश वाचत गेला. सगळ्यात खाली घरातली माणसं होती. जालिंदर, पती. ऋतुजा, मुलगी.

"हिचा दगड पुन्हा सहा महिनेच राहणार?"

"हो. तेवढ्यात सगळ्यांना कळतं."

"कळतं का सहा महिन्यांत?"

फरीदानं जरा विचार केला. "यंत्रांना कळतं," ती म्हणाली.

जालिंदरनं अंगठा धोतराला पुसला आणि टॅबवर टेकवला. टॅबनं खात्री करायला पुन्हा मागितला. त्यानं पुन्हा टेकवला. नाव करडं झालं आणि मग त्या जागी एक छोटी ओळ राहिली, तारीख आणि वेळ असलेली. ऊन चांगलंच वर आलं होतं. उन्हात दिवा चालू आहे की बंद, ते कळत नव्हतं. जालिंदर उठला आणि हाताचा आडोसा करून बघितलं.

"गेला," तो म्हणाला.

मग त्यानं ऋतुजाला फोन लावला. तिनं उचलल्यावर म्हणाला, "दिला गं." तिनं फोन ठेवला नाही. यानंही ठेवला नाही. फरीदा चपला घालून हळूच धक्क्याकडे निघाली.

सगुणाला घरी सोडलं तेव्हा दोन आठवडे होऊन गेले होते. लाँचमध्ये जालिंदर, अर्चना, सगुणा, नवनाथ. बनाबाईसाठी जागा होती, पण ती माळावर घर सारवत होती. सगुणानं पूर्ण वाटेत मुलावरचं फडकं उन्हाच्या बाजूला धरून ठेवलं होतं. धक्क्यावर बनाबाई भाकरतुकडा घेऊन उभी होती. मुलावरून ओवाळून तिनं तो पाण्यात टाकला. मग जरा थांबून एक तुकडा लाँचवरूनही ओवाळला. जालिंदरकडे बघितलं नाही.

अर्चनाला माळावर लसी द्यायच्या होत्या, ती थांबली. "चारला न्यायला या," ती वर चढता चढता म्हणाली.

जालिंदर लाँचकडे वळला. दोर सोडला. लाँचमध्ये बसला आणि किल्ली फिरवली.

"किती जण?"

त्यानं शेजारच्या जागेकडे बघितलं. तिथं उन्हाची तिरीप पडली होती. सीटचं रेक्झिन एका कडेला फाटलं होतं. ती तिथं बसून कॅल्शियमच्या गोळ्या मोजायची तेव्हा नखानं तेच उकरायची.

लाँचनं पुन्हा विचारलं. "किती जण?"

"एक," जालिंदर म्हणाला.

पडद्यावर त्याचं नाव आलं. लाँच सुरू झाली.